टाकीचा चढ

पिन आत गेली नाही. कार्बोरेटरच्या जेटच्या, पेट्रोल सोडणाऱ्या त्या भोकाच्या पितळी तुकड्याच्या डोक्यावर एकशे पंचवीस हा आकडा ठोकलेला होता, पिनेवरही तोच, आणि तरी ती पितळेच्या तोंडाशी येऊन अडली. तिनं पिन बोटांत फिरवून पाहिली, जोर मात्र दिला नाही. जोर द्यायचा नाही हे कारखान्यातल्या मोजमापाच्या खोलीत तिच्या बोटांत मुरलेलं होतं. तिथं दिवसभर ती हेच करायची. दुसऱ्यांनी पाडलेल्या भोकांत पिना घालून पाहायच्या. गेली तर माल पुढं, नाही गेली तर लाल खडूची खूण. कचरा बसला असेल म्हणून तिनं जेट पुन्हा पेट्रोलच्या वाटीत टाकला, पंपानं हवा मारली, पुन्हा पिन लावली. नाही. मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. ती गेली, अगदी सुळकन गेली, जणू तिचीच वाट बघत होतं ते भोक. जेट घेऊन ती शेडच्या दाराशी उजेडात आली, भिंग डोळ्याला लावलं आणि पिवळ्या पितळेच्या आत तिला राखाडी कडं दिसलं. कथील. कुणीतरी जेटचं भोक डाख भरून बुजवलं होतं आणि त्यात नवं, अरुंद भोक पाडलं होतं. काम सफाईदार होतं. कडेला कुठं थेंब नाही, ओरखडा नाही. आणि कुणीतरी म्हणजे कोण हे विचारायलाही जागा नव्हती, कारण गाडी घेतल्यापासून तिच्या कार्बोरेटरला एकाच माणसानं हात लावला होता, आणि तो माणूस भिंतीपलीकडे, मागच्या व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत बसून खोकत होता.

"काय झालं?" बाबांनी तिकडूनच विचारलं. "हात थांबला तुझा."

डोळे गेल्यापासून त्यांचे कान असे झाले होते. घरात कुणी कुठला खण उघडला, कुणी पाणी पिताना मध्येच थांबलं, सगळं त्यांना कळे आणि कळलं की लगेच ते बोलून दाखवत. "काही नाही," ती म्हणाली, "चष्मा पुसत होते." खोटं सहज निघालं. तिनं जेट तळहातावर घेतला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. एवढ्याशा पितळेत आपलं एकोणिसावं वर्ष मावलंय, हा विचार तिच्या मनात आला आणि त्याचा तिला रागच आला, कारण असे गोल गोल विचार करणाऱ्यांतली ती नव्हती. तिला नुसतं काहीतरी फोडावंसं वाटत होतं. समोर फडक्यावर कार्बोरेटरचे सगळे भाग मांडलेले होते: फ्लोट, त्याची सुई, पंपाचा कडक झालेला पडदा, जुन्या गॅस्केटचे खरवडून काढलेले तुकडे. प्रत्येक भाग तिनं घासून लख्ख केला होता. तीन संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. आणि हे सगळं कशासाठी, तर उद्या सकाळी धाकट्या भावानं येऊन गाडी घेऊन जावी म्हणून.

धाकट्याचं चढावरच्या वस्तीत फर्निचरचं दुकान होतं. दुकानाच्या काचेमागं, सोफ्यांच्या मधोमध, त्याला एक जुनी गाडी उभी करायची होती. गिऱ्हाईक थांबतं म्हणे त्यानं. हे त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "गाडी मला हवीय." सरळ, पहिल्यांदाच. इतकी वर्षं शेडमध्ये गाडी पुसणारी, बॅटरी काढून ठेवणारी, टायरांत हवा भरणारी तीच होती. धाकटा म्हणाला, बाबांना विचार. बाबांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "तुझ्या हातात गाडी द्यायची नाही असं ठरलंय ना आपलं? एकदा झालं ते पुरे. तू चालू करून दे तेवढी. हात चांगला आहे तुझा. पायाचं काय करणार?" कार्बोरेटर उघडायची परवानगी तिला त्या दिवशी मिळाली. तोवर त्याला हात लावायचा नाही असा घरात हुकूमच होता. आता डोळ्यांनी बाबांना ते जमणार नव्हतं, आणि धाकट्याला पाना कुठल्या बाजूनं धरायचा हेही ठाऊक नव्हतं. म्हणून तिचा हात चालणार होता. पाय चालणार नव्हता.

पायाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. पाण्याच्या टाकीकडं जाणारा चढ आहे, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती, मध्ये एक वळण. तिला एकोणिसावं लागलेलं, लायसन्स हातात पडून आठवडा झाला नव्हता. आईला वर राहणाऱ्या तिच्या बहिणीकडं जायचं होतं, उशीर झालेला, बाबा कचेरीत. "मी नेते," ती म्हणाली. आई शेजारी बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. इंजिन चालू झालं की त्याच्या घरघरीत आपला सूर मिसळून आई काहीतरी गुणगुणायची. शब्द कधी नसायचेच, नुसता सूर, खालच्या पट्टीतला, मान किंचित हलवत. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. वळणापाशी तिनं पाय दाबला आणि गाडीनं दम सोडला. आणखी दाबला, गाडी खोकली, पुढून फट्कन आवाज आला, आणि सगळं एकदम शांत झालं. त्या शांततेत गाडी मागं निघाली. ब्रेक, हँडब्रेक, दोन्ही पायांखाली काय आहे तेच कळेना, आणि मग दगडी भिंत. लागलं फार नाही कुणाला. आईनं आधारासाठी हात लांब केला होता, तेवढं मनगट मोडलं. ते पुढं वाकडंच जुळलं. त्या हातानं आईला ओली चादर कधी पिळता आली नाही. पुढची सगळी वर्षं घरातल्या चादरी हिनं पिळल्या, आणि प्रत्येक वेळी पाणी गळताना तिला वाटायचं, पीळ, पिळत राहा, हे तुझंच आहे.

त्या संध्याकाळी बाबांनी आईचं मनगट पाहिलं, बाहेर जाऊन गाडी पाहिली, बॉनेट उघडून बराच वेळ आत वाकून राहिले. मग हात पुसत आत आले आणि म्हणाले, "पाय जड आहे हिचा." तेवढंच. मोठ्यानं नाही, रागानंही नाही. निकाल वाचून दाखवावा तसं. मग वर्षानुवर्षं त्या एका वाक्याचं निरूपण होत राहिलं. पाहुणे आले की बाबा रंगात येत. आधी गाडीची थोरवी, ती कशी घेतली, कशी राखली; मग "माझी गाडी पेट्रोल पीत नाही, नुसतं हुंगते," हे ठरलेलं पालुपद, त्यावर ठरलेलं हसू; आणि सगळे सैल झाले की उत्तररंगात हिचा पाय. "आमच्या घरात एक रोड रोलर आहे. चढ दिसला की मागं जातो." कचेरीतले लोक हसत, मावशी हसे, धाकटा तर पोट धरून हसे. रोलर हे नाव तिथून चिकटलं. "रोलर, पाणी आण गं." ती पाणी आणायची. आई तेवढी हसत नसे. एकदा, फक्त एकदा, चादरीचं दुसरं टोक चांगल्या हातात धरून आई म्हणाली होती, "गाडीलाच दम लागतो गं. तुला नाही." ती तेव्हा आईवरच चिडली होती. समजूत घालू नकोस, असं काहीतरी तोडून बोलली होती. आता शेडच्या दारात उभं राहून ते वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं, आणि आता त्यात समजूत नव्हती. आईला ठाऊक होतं का? का नुसतं ऐकलं होतं तिनं, ज्या कानानं ती इंजिनाचा सूर धरायची त्याच कानानं? विचारायला आई नव्हती. होता तो पलीकडचा खोकला.

आणि किती सरळ होतं सगळं. पेट्रोल हुंगणारी गाडी. अरुंद भोकातून पेट्रोल कमी जायचं, सपाटावर ते वाचायचं आणि चढावर इंजिन उपाशी राहायचं. बाबा स्वतः कधी टाकीच्या चढावरून गेले नाहीत. सपाट रस्त्यानं वळसा घालून जायचे, चढावर पेट्रोल जळतं म्हणायचे. प्लग काढले की खडूसारखे पांढरे निघायचे, आणि बाबा ते उजेडात धरून अभिमानानं म्हणायचे, "बघ, किती स्वच्छ जळतंय." उपाशी माणसाचं तोंड पांढरं पडतं तसे ते पांढरे होते. तिनं ते पाहिले होते. रोज हजार भोकं मोजणाऱ्या तिनं घरातलं हे एक भोक कधी मोजलं नाही, कारण हात लावायचा नाही म्हटल्यावर तिनं हात लावला नाही. त्या संध्याकाळी बॉनेटमध्ये वाकून ते काय पाहत होते? तिथं वाकलेल्या त्या पाठीला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण मग हुंगण्याचा विनोद गेला असता. एका विनोदासाठी, एवढं तिला कळलं.

गॅस्केटांच्या पाकिटात नवा जेटही आला होता, तोच आकडा, आणि त्यात पिन अलगद गेली. तिनं तो बसवला, कार्बोरेटर जोडला, नळी लावली. पहिल्या झटक्यात गाडी उठली नाही, दुसऱ्यात उठली. मग इंजिन गरम होईपर्यंत ती थांबली आणि बाजूच्या स्क्रूला हात घातला. आत फिरवत न्यायचा, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर, पुन्हा अडखळेपर्यंत. आणि मग दोन्हींच्या मधली जागा कानानं शोधायची. सूर लागला. तिनं हातानं रेस दिली, एकदम, आडदांडपणे, आणि गाडी खोकली नाही. पोटातून भरून आवाज आला. इतकी वर्षं या गाडीचा असा आवाज तिनं ऐकलाच नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेही रागाचंच होतं.

पलीकडे खुर्ची करकरली. भिंत चाचपत बाबा शेडच्या दाराशी आले.

"काय केलंस?"

"साफ केलं."

"काही बदललंस आत?"

तिनं इंजिन बंद केलं. "काय बदलायला हवं होतं?"

बाबांचे न बघणारे डोळे बॉनेटच्या दिशेला लागले होते. ओठ हलले, बंद झाले. ती थांबली. मनातल्या मनात ती त्यांना हात जोडत होती, हे तिला नंतर कळलं. बोला, आत्ता बोला, इथं कुणी नाही, मी एकटी आहे, कुणाला सांगणार नाही.

"काही नाही," बाबा म्हणाले. "आहे तसंच ठेव. उगाच शहाणपण नको. पेट्रोल पिईल."

"आहे तसंच ठेवते," ती म्हणाली.

आणि तसंच ठेवलं. ते आत गेल्यावर तिनं कार्बोरेटरच्या बुडाचा बोल्ट काढला, नवा जेट बाहेर काढून फडक्यात गुंडाळला, आणि डाख भरलेला तो जुना जेट पुन्हा जागेवर बसवला. सपाट रस्ता पाइपांसाठी खणलेला होता, उद्या चढावरूनच जावं लागणार होतं, आणि चालवणार होता धाकटा. पुढचं सगळं तिला दिसत होतं, आणि दिसत असूनही तिनं बोल्ट आवळला. मग मात्र ती गाडीखाली सरपटली. हँडब्रेकची तार तिनं ओढून पाहिली, आवळली, पुन्हा ओढून पाहिली. चाकामागं लावायची लाकडी पाचर शोधून मागच्या सीटवर ठेवली, पाना सीटखाली. मनगट कुणाचंही मोडायला नको होतं. तिला तेवढं एक वाक्य हवं होतं, आणि ते सरळ मागून मिळत नव्हतं.

सकाळी धाकटा आला, नवा शर्ट, हातात मोबाइल. गाडीभोवती फिरून त्यानं फोटो काढले. "ताई, काय चमकवलीस गं. मानलं बुवा. चल, येतेस? दुकान बघ, चहा घे, मग रिक्षानं सोडतो तुला." मागच्या सीटवरची पाचर पाहून तो हसला. "हे काय, रोलरची तयारी?"

"सवय," ती म्हणाली आणि पाचर मांडीवर घेऊन बसली. आई पिशवी धरायची तशी.

बाबा पुढं बसले. दाराच्या काचेवरून, डॅशबोर्डच्या खणावरून त्यांनी हात फिरवला, गाडी आपलीच असल्याची खात्री करून घ्यावी तसा. गल्लीतून, चौकातून गाडी बरी चालली. सपाटावर ती नेहमीच बरी चालायची. बाबा खुशीत होते. धाकट्याला सांगत होते की हिला ओढू नकोस, ही हुंगत हुंगत जाते, आणि धाकटा जिथं हसायचं तिथं हसत होता. ती मागून दोघांच्या मानांकडं पाहत राहिली. दोघांच्या मानेवर मधोमध सारखाच खळगा होता. तिच्याही असेल. हे आपलं घर, या दोन माना, हे तिला इतकं नकोसं झालं की तिनं काच खाली केली.

"पुढं खणलंय सगळं," धाकटा म्हणाला, "टाकीवरून घेतो."

बाबांचं हसू थांबलं. "टाकीवरून?"

"दुसरा रस्ताच नाही, बाबा."

"थांब जरा. मग उद्या ने. रस्ता झाला की ने."

"महिनाभर नाही होत तो रस्ता. काय होतंय, छोटासा तर चढ आहे."

बाबांची मान हळूच मागं वळली, तिच्या दिशेला, डोळे नसलेली मान, आणि तिला कळलं की त्यांना कळलंय. तिनं मांडीवरची पाचर घट्ट धरली. गाडी चढाला लागली. दगडी भिंती जवळ आल्या, तशाच, तेवढ्याच उंच. वळणापाशी धाकट्यानं पाय दाबला आणि गाडीनं दम सोडला. त्यानं आणखी दाबला. गाडी खोकली. पुढून फट्कन आवाज आला, आणि मग ती जुनी, ओळखीची शांतता.

"हँडब्रेक ओढ," तिनं मागून सांगितलं, आणि ती दार उघडून उतरलीही होती. हँडब्रेकच्या तारेनं पकड घेतली. गाडी हातभर मागं आली तोवर पाचर चाकाखाली बसली होती. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, स्टिअरिंगवरची बोटं सुटत नव्हती. "मी काय केलं?" तो म्हणत होता, "बाबा, मी काहीच केलं नाही, नुसता पाय दिला."

बाबांनी हात लांब करून त्याचा खांदा शोधला. तो थोपटला. "तुझं काही नाही रे," ते म्हणाले, किती हळुवारपणे म्हणाले, "घाबरू नकोस. तुझा पाय नाही. जेटच बारीक आहे तिचा, मीच केलाय तो. चढावर मरतेच ती."

ती खिडकीशी उभी होती. ऐकायचं होतं ते वाक्य हेच होतं, शब्दन् शब्द हेच, आणि ते तिच्या नाकासमोरून दुसऱ्याच्या ताटात पडलं होतं. धाकट्यासाठी घटकाही गेली नव्हती. तिच्यासाठी आईचा सगळा जन्म गेला तरी ते निघालं नव्हतं. आपण मोठ्यानं रडू किंवा पाना उचलून काच फोडू असं तिला वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. बॉनेट उघडलं. खिशातलं फडकं सोडलं, बुडाचा बोल्ट काढला. बोटं भाजत होती. पेट्रोलचा थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, थंडगार. जुना जेट बाहेर आला, नवा आत गेला, तिनं बोल्ट आवळला, सांडलेलं पुसून घेतलं. मागं दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या, तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

मग ती बाबांच्या बाजूला आली आणि त्यांचा हात उलटा करून तळव्यावर तो जेट ठेवला.

"गरम आहे," बाबा म्हणाले.

"असू दे."

बोटांनी त्यांनी तो चाचपला, ओळखला. "तू काल…"

"तुम्हीच म्हणालात ना, आहे तसंच ठेव." मग धाकट्याकडं वळून, "सरक. मागं जाऊन बस. आधी ती पाचर धर, मी सांगितलं की काढ, आणि पटकन आत बस."

तो उतरून चाकाशी वाकला. इतक्या वर्षांनी ती त्या सीटवर बसली. सीट पुढं ओढावी लागली. तिनं गाडी चालू केली, "काढ" म्हणाली, पाचर निघाली आणि मागचं दार लागलं. क्लच, गिअर, हँडब्रेक, आणि मग पाय. पूर्ण दाबला तिनं, मुळीच जपून नाही, होता नव्हता तेवढा सगळा जडपणा त्यात ओतून. गाडी किंचित थरथरली, आणि भरल्या आवाजात, एका सुरात, वळण घेऊन वर निघाली. भिंती मागं पडल्या. टाकी आली, टाकीनंतर वस्ती, वस्तीत काचांचं मोठं दुकान, दाराशी दोन नोकर गाडीची वाट बघत उभे.

"ताई, अगं दुकान," धाकटा मागून म्हणाला. "ताई, दुकान मागं राहिलं."

"गप्प बस," बाबा म्हणाले. त्यांनी मान तिरकी केली होती. मूठ मांडीवर मिटलेली होती, जेट आत. बराच वेळ ते ऐकत राहिले. "आता बरोबर वाजतेय," ते शेवटी म्हणाले.

"पाय तोच आहे, बाबा."

बाबांनी मूठ उघडली नाही. तिला वाटलं होतं, हे म्हणून झालं की छातीतला पीळ सुटेल. सुटला नाही, ओल्या चादरीसारखा तो तिथंच राहिला, जड. पुढं रस्ता आणखी चढत होता. इंजिनाच्या घरघरीत खालच्या पट्टीतला एक सूर होता, तो तिनं ऐकला, आणि पाय तसाच दाबून धरला.